मित्राला प्रायमर पोस्टाने पाठवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक मूळचे महाराष्ट्रातले, बरीच वर्षं ओहायोत आहेत, आता अमेरिकन नागरिक. रायफल शूटिंगचा नाद आहे, पाच-सहा मित्रांचा ग्रुप आहे, सगळे घरीच रीलोडिंग करतात, म्हणजे वापरलेल्या पितळी केसमध्ये नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), पावडर (बंदुकीची दारू) आणि बुलेट बसवून काडतूस पुन्हा तयार करतात. २०१९ मध्ये स्वस्ताई होती तेव्हा यांनी भरपूर माल घेऊन ठेवला, प्रायमर हजाराला साधारण ३० डॉलरने, शिवाय व्हार्गेट नावाच्या रायफल पावडरचे ८ पौंडी डबे. आता ग्रुपमधला सगळ्यात जवळचा मित्र अ‍ॅरिझोनाला गेलाय, त्याच्याकडे माल संपलाय, तिकडच्या दुकानात त्याला हवं ते मिळत नाही आणि तो म्हणतोय, "पोस्टाने पाठव, पेटीवर ऑटो पार्ट्स लिही, मला एकाने असंच पाठवलं होतं, काही होत नाही." इथल्या मित्रांचं म्हणणं, विकायचंच तर जुन्या भावाने द्या, मित्रांत कसला नफा. बायकोचं म्हणणं, आज भाव दुप्पट-तिप्पट असताना आपणच का तोटा सोसायचा. आणि ऑफिसमधला एक तरुण मराठी मुलगा, एच-१बी वर आलेला, नुकताच शूटिंग रेंजवर यायला लागलाय, प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घेतलाय, त्यालाही थोडा माल हवाय. वाचक विचारतात, "पाठवलं नाही तर मी भित्रा, आणि पैसे घेतले तर मी लोभी, असं झालंय. काय करू?"

तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट सांगतो ती पोस्टाची, कारण बाकीचं सगळं निवांत बोलता येईल पण ते पार्सल तुम्ही या शनिवारीच टाकून याल अशी मला भीती वाटतेय. टाकू नका. प्रायमर आणि पावडर अमेरिकन पोस्टाने पाठवायला साफ बंदी आहे, एक डबी असो नाहीतर एक पेटी, कोणाच्याही नावाने, कितीही चांगलं पॅकिंग करून. यात ग्रे एरिया वगैरे काही नाहीये. दंड प्रत्येक चुकीमागे कमीत कमी २५० डॉलर आणि जास्तीत जास्त १ लाख डॉलरपर्यंत, आणि जाणूनबुजून केलं असेल तर फौजदारी वेगळी. आणि पेटीवर ऑटो पार्ट्स लिहिलं की जाणूनबुजून केलं हे तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलेलं असतं. काउंटरवरची बाई विचारते ना, आत काही धोकादायक आहे का, तिथे तुम्ही नाही म्हणणार. मित्र नाही म्हणणार, तुम्ही म्हणणार.

"मला एकाने पाठवलं होतं, काही झालं नाही" यावर जरा थांबून बोलायचंय, कारण हे वाक्य मी रेंजवर फार ऐकतो आणि दरवेळी अस्वस्थ होतो. ११ मे १९९६ ला मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेटचं ५९२ नंबरचं विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पडलं, आतले सगळे ११० जण गेले. सामानाच्या कप्प्यात दुसऱ्या विमानांतून काढलेले जुने ऑक्सिजन जनरेटर खोक्यांत भरून ठेवले होते, नीट पॅक न करता, सेफ्टी कॅप न लावता, आणि कागदावर लिहिलं होतं की ते रिकामे आहेत. ते रिकामे नव्हते, एक पेटला. ज्यांनी ती खोकी भरली त्यांच्या मनात कोणाला मारायचं नव्हतं हो. पार्सल उचलणारा, गाडीत टाकणारा, विमानात चढवणारा, प्रत्येक जण खोक्यावर लिहिलेल्या शब्दांवर विश्वास ठेवून काम करतो, आणि आग लागलीच तर विझवायला जाणाराही त्यावरच विश्वास ठेवतो. प्रायमर म्हणजे धक्का बसला की पेटणारी वस्तू, तो त्याचा गुणच आहे, म्हणून तर कंपनी त्याला एकेक वेगळ्या खणात बसवून देते. हजार प्रायमरचं खोकं ऑटो पार्ट्स म्हणून एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, हे मला मैत्रीखातरही पटत नाही.

आता पोस्टाने काय चालतं तेही सांगतो, कारण सगळंच बंद आहे असं नाही, आणि बरेच जण घाबरून तेही पाठवत नाहीत. रिकामं ब्रास, म्हणजे पितळी केस, चालतं, नवं किंवा वापरलेलं, फक्त त्यात जिवंत प्रायमर नको. नुसत्या बुलेट, म्हणजे शिशाचा किंवा तांब्याचं आवरण असलेला पुढचा तुकडा, त्याही चालतात, तो शेवटी धातूच आहे. फ्लॅट रेट खोक्यात ७० पौंडांपर्यंत वजन चालतं, तेव्हा बुलेट पाठवायला तर तेच सगळ्यात स्वस्त पडतं, फक्त खोकं फाटतं म्हणून कडा चांगल्या टेपने बांधा आणि आत पिशवी घाला. पण प्रायमर बसवून तयार ठेवलेलं ब्रास चालत नाही, ही चूक लोक करतात, "पावडर कुठेय त्यात" म्हणतात, पण प्रायमर आहे ना. तयार काडतूसही पोस्टाने नाही. डाय, स्केल, प्रेस वगैरे अवजारं काहीही पाठवा.

मग प्रायमर आणि पावडर जातं कसं, दुकानं तर घरपोच पाठवतात. जातं, यूपीएस-फेडेक्ससारख्या कुरियरकडून हॅझमॅट, म्हणजे धोकादायक माल, म्हणून जातं. पण पाठवणाऱ्याचं त्या कंपनीकडे हॅझमॅटसाठी मंजूर झालेलं खातं लागतं, माल भरणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं लागतं जे दर ३ वर्षांनी पुन्हा करावं लागतं, मान्यता असलेलं खोकं, लेबलं, कागद, सगळं. तुम्हीआम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात खोकं घेऊन गेलो तर ते घेणार नाहीत आणि न सांगता दिलं तर तोही गुन्हाच. ऑनलाइन ऑर्डर करताना बिलात हॅझमॅट फी दिसते, पार्सलमागे साधारण २० ते ५० डॉलर, आपण सगळे त्यावर कुरकुरतो, पण ती याच सगळ्याची किंमत आहे.

आता तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय ती मला तपासायचीय. तुम्हाला वाटतंय की मित्राला मदत करायची म्हणजे तुमच्या तळघरातला माल त्याच्या गॅरेजमध्ये पोचला पाहिजे. का पण? तुमच्या डबीत जे लार्ज रायफल प्रायमर आहेत तसेच अ‍ॅरिझोनातही कोणाच्या तरी कपाटात आहेत. माल हलवायला बंदी आहे, पैसे हलवायला नाही. तुम्ही तुमचे हजार प्रायमर ओहायोतल्याच कोणाला तरी समोरासमोर द्या, तेवढे पैसे त्याला पाठवा, आणि त्याने तिकडच्या क्लबात, मॅचला, कोणा निवृत्त माणसाकडून समोरासमोर घ्यावेत. कपाट रिकामं करायला निघालेले म्हातारे शूटर सगळीकडे असतात, नवीन गावात गेलेल्या माणसाने क्लबात जाऊन ओळख काढायचा कंटाळा केला की मग त्याला ओहायोच्या मित्राला फोन करावासा वाटतो. हे त्याला मी जरा प्रेमानेच सुनावीन.

दुसरा रस्ता, तुमच्या ओळखीचं लायसन्स असलेलं बंदुकीचं दुकान. काही दुकानांकडे हॅझमॅट खातं असतं, ते कंपनीच्या सीलबंद डब्या असतील तर फी घेऊन पाठवून देतील, काही सरळ नाही म्हणतील, विचारायला काय जातंय. तिसरा रस्ता, ऑनलाइन दुकानात माल आला की त्याने आणि त्याच्या तिकडच्या दोन-तीन ओळखीच्यांनी एकत्र ऑर्डर करायची, फी पार्सलमागे असते त्यामुळे जितका माल एका पार्सलात तितकी ती वाटली जाते. तुम्हाला मित्रासाठी काही करायचंच असेल तर ती फी तुम्ही भरा, वाढदिवसाची भेट म्हणून. चौथा, कोणी गाडीने जाणारच असेल आणि समोरासमोर देता येत असेल तर बघा, पण मग मूळ डब्या, मूळ खोकी, उन्हात तापलेल्या गाडीत दिवसभर नाही, आणि वाटेतल्या राज्यांचे नियम आधी वाचून. विमानाने मात्र नाही. प्रायमर आणि पावडर हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

विमानाचा विषय निघालाच आहे तर एक अगदी आपल्या लोकांसाठी. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक ठेवू नका. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जातो, पुढे कोर्टात ते नकळत राहिलं होतं हे मान्य होऊ शकतं, पण तोवर सुट्टी, तिकीट, पासपोर्ट, घरच्यांची झोप, सगळं जातं. आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या शूटर मित्राने मागितलं तरी इथून रीलोडिंगचा माल पाठवायचा नाही, इथून निर्यातीचं लायसन्स लागतं आणि तिकडे आयातीचं.

आता त्या तरुण मुलाबद्दल. पत्रात तुम्ही त्याला शेवटच्या दोन ओळी दिल्यात, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. अमेरिकन केंद्रीय कायद्यात ॲम्युनिशन या शब्दाखाली तयार काडतूस तर येतंच, पण केस, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सुटे भागही येतात. आणि एच-१बी, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने ॲम्युनिशन बाळगायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. आपल्या लोकांच्या कामाचा अपवाद म्हणजे त्याच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याचं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स असलं पाहिजे. ते नसेल तर रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही अडचणीचं आहे, आणि ही गोष्ट आपल्यातल्या कित्येकांना माहीतच नसते, टीम आउटिंग म्हणून ऑफिसचा अख्खा ग्रुप रेंजवर जातो. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. आणि विकणाराही सुटत नाही, समोरचा अशा मनाई असलेल्यांपैकी आहे हे माहीत असताना, किंवा ओळखायला पुरेसं कारण असताना दिलं, तर देणाराही गुन्हेगार. तो एच-१बी वर आहे हे तुम्हाला माहितीये, तुम्ही मला लिहून कळवलंय. यातली शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि त्याचं तर पुढचं ग्रीन कार्ड वगैरे सगळं बंदुकीच्या एका गुन्ह्याने संपू शकतं.

म्हणून त्याला हाकलू नका, त्याला बसवून सांगा. हंटर एज्युकेशनचा कोर्स करायचा, राज्याचं शिकारीचं लायसन्स काढायचं, दरवर्षी मुदत संपायच्या आधी नवीन करायचं, आणि त्याची प्रत बंदुकीच्या बॅगेतच ठेवायची. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यायचं, मी वकील नाही आणि त्याच्या कागदांत काय आहे हे मला किंवा तुम्हाला दिसत नाही. हे सगळं होईपर्यंत त्याला तुमच्याकडून एक प्रायमरसुद्धा द्यायचा नाही, ब्रासही नाही. नव्या माणसाला वडीलधाऱ्याने सांगायच्या गोष्टी असतात त्यातली ही आहे, बाकी ट्रिगर कसा ओढायचा ते त्याला कोणीही शिकवेल.

अजून एक वाट तुम्हाला किंवा ग्रुपला सुचेल म्हणून आधीच अडवतो: "सुटा माल नको, मी काडतुसं भरून विकतो." स्वतःसाठी भरायला लायसन्स लागत नाही, तुमच्याकडचा सुटा माल मित्रांना विकायलाही केंद्रीय लायसन्स लागत नाही, पण विकण्यासाठी काडतुसं बनवायचा उद्योग केला की टाइप ६ चं, म्हणजे काडतुसं बनवणाऱ्याचं केंद्रीय लायसन्स लागतं. त्याची फी ३ वर्षांना ३० डॉलर आहे, म्हणजे पैशाचा प्रश्न नाहीये, पण त्याबरोबर कर, कागदपत्रं आणि जबाबदारी येते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या रायफलसाठी आपण पावडर मोजायची आणि त्याच्या चेहऱ्यापासून चार इंचावर ती पेटणार, हे मी जवळच्या मित्रासाठीही करत नाही. उघडलेला पावडरचा डबाही कोणाला देऊ नका, घेऊ पण नका. आत खरंच तीच पावडर आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि दुसऱ्या बरणीत ओतून दिलेली पावडर म्हणजे तर अपघाताचं आमंत्रण. सीलबंद असली तरी लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की पावडरचं माप पुन्हा कमीपासून सुरू करून वर चढवत यायचं, हे तुम्हाला माहितीये, नव्यांना सांगा.

राहिला भाव. इथे तुम्ही, तुमच्या मिसेस आणि मित्र तिघेही थोडे बरोबर आहात म्हणून ते जास्त दुखतंय. २०१२ च्या डिसेंबरात न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर जो तुटवडा झाला, मग २०२०-२१ चा, तेव्हा रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची कंपनी दिवाळखोरीत निघाली होती आणि सगळे एकदम खरेदीला धावले, प्रायमर हजाराला १०० डॉलरच्या वर विकले गेले. आता पावडरचं तर, तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज जगभरच कमी पडतंय कारण तोफगोळ्यांनाही तेच लागतं, आणि तुमची व्हार्गेट तर ऑस्ट्रेलियात मुलवालाच्या कारखान्यात बनून येते. म्हणजे तुम्ही ३० डॉलरला जे विकाल ते ३० डॉलरला परत मिळणार नाही. मित्र "जुन्या भावाने दे" म्हणतात तेव्हा ते तुमच्याकडून फरकाची भेट मागतायत, त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच. भेट द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण ती भेट आहे हे दोघांना माहीत असू दे. दुसरीकडे, ऑनलाइन लिलावात एखाद्या अडलेल्याने जो भाव दिला तो मित्राला लावणं मला तरी जमणार नाही.

माझी पसंती पैसे मधे आणूच नयेत याला. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी नेतात आणि साखरच परत करतात, त्या वर्षात साखर महागली की स्वस्त झाली हे कोणी काढत नाही. इथल्या मित्रांना हजार प्रायमर उसने द्या, मिळाले की त्यांनी हजार प्रायमर परत आणून द्यायचे, त्याच जातीचे, कंपनी कुठली का असेना. भावाचं भांडणच उरत नाही. ज्याला हे नको असेल त्याला तुमच्या जवळच्या दुकानातला शेल्फवरचा आजचा भाव लावा, सगळ्यांना एकच, ग्रुपवर उघड सांगून. एकाला स्वस्त आणि एकाला महाग केलंत की महिन्याभरात सगळ्यांना कळतं. मागच्या तुटवड्यात ज्याने तुम्हाला कमी भावात दिलं होतं असा कोणी असेल तर त्याला त्याच भावाने द्या, त्यात कोणाला विचारायचं कारण नाही.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी माल मोजा. पुढच्या दोन सीझनला तुम्हाला किती लागतो ते बाजूला काढा आणि तेवढ्याला हात लावू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. मोजताना हेही बघा की घरात किती ठेवलंय, एनएफपीए ४९५ या आगीच्या नियमावलीत राहत्या घरात १०,००० प्रायमर आणि मूळ डब्यांत २० पौंड पावडर अशी मर्यादा दिलीय, त्यापुढे ५० पौंडांपर्यंत पावडर असली तर किमान इंचभर जाड लाकडाच्या पेटीत ठेवायची, आणि तुमच्या गावचा नियम याहून कडक असू शकतो, फायर डिपार्टमेंटला नाव न सांगताही विचारता येतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं तुम्ही या आकड्यांच्या पुढे असाल, तेव्हा थोडा माल घराबाहेर गेलेला बरा, मिसेसना हेही सांगा.

अ‍ॅरिझोनाच्या मित्राला मेसेज करू नका, फोन करा. त्याने जे मागितलंय त्याचं लेखी उत्तर कुठेच असू नये असं नाही, उलट तुमचा नकार लेखी असेल तर चांगलंच, पण आधी आवाज ऐकू दे. म्हणा, "अरे, तुझं पार्सल मी टाकणार नाही, खोटं लिहून तर नाहीच, आणि तुलाही कोणाकडून मागवू देणार नाही. पण तुझे हजार प्रायमर माझ्याकडे बाजूला काढलेत, इकडे देतो कोणाला तरी आणि पैसे तुला पाठवतो, तू तिकडच्या क्लबात विचार." चिडेल थोडा. "ऑक्टोबरात येणारेस ना मॅचला, तेव्हा दोन डब्या तुझ्या हातावर ठेवतो, पण गाडीने ये," असंही सांगा, आणि येणार असेल तर त्या दोन डब्यांवर आजच त्याचं नाव लिहून ठेवा म्हणजे त्या तोवर कोणाला जाणार नाहीत.